उलट्या पट्ट्या

आमच्या ह्यांनी बत्तीस वर्षं लोकांच्या गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त केले आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं गॅरेजमागच्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान बांधलं. माणूस महाहट्टी. कुणी वेड्यात काढलं की हातातला स्क्रू आणखी अर्धा पीळ घट्ट करायचे. मी शिवणकाम करणारी. सीटची कव्हरं माझी, आणि इंजिनावरच्या रबरी पट्ट्याही माझ्याच.

पट्ट्यांचं काम साधं. पुढून घुसलेली हवा इंजिनाच्या झाकणाखाली कोंडून धरायची, म्हणजे ती मागच्या ऑइल कूलरच्या जाळीतून जाते आणि तेल थंड होतं. ह्यांनी मापं दिली. मी पट्ट्या कापल्या, कड दिसू नये म्हणून कॉलरसारख्या मागे दुमडल्या आणि बसवल्या. "झकास!" हे म्हणाले. मीही फुशारले.

पहिल्या उड्डाणाच्या सकाळी हातात रेडिओ घेऊन मी धावपट्टीच्या कडेला उभी होते. विमान उडालं.

"तेल पंच्याण्णव," ह्यांचा आवाज आला. जरा वेळाने, "एकशे चार." मग, "एकशे बारा." एकशे अठरा अंशांच्या पुढे तेल पातळ होतं आणि इंजिन कधी जाम होईल सांगता येत नाही, हे ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं.

"दाबही उतरतोय. गळतंय बहुतेक. समोरच्या शेतात उतरवतो."

त्या शेतावरून विजेच्या तारा गेल्या होत्या. येताना मी पाहिल्या होत्या.

विमान दिसावं म्हणून मी गर्रकन वळले, आणि इतका वेळ अंगाला चिकटलेली माझ्या कोटाची पुढची मोकळी पट्टी वाऱ्याने फाडकन उघडली. वारा तोच, पट्टी तीच. फक्त माझं तोंड फिरलं होतं. मी रेडिओचं बटण दाबलं.

"अहो, गळत नाहीये! पट्ट्या मी उलट्या दुमडल्यात. वारा त्यांना उचलतोय, हवा वरून निसटतेय. कूलरला मिळतच नाहीये!"

पलीकडून एकच शब्द आला. शिव्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"नक्की?"

"माझ्या हातचं काम आहे. नक्की. शेतात तारा आहेत. इंजिन कमी करा आणि तरंगत इकडेच या."

घरघर मंदावली. विमानाने नाक खाली केलं, धावपट्टीकडे वळलं. "एकशे सतरा," एवढं ऐकू आलं, मग काहीच नाही. चाकं टेकली, दोनदा उसळली, थांबली. मी पळत सुटले, एक चप्पल वाटेतच राहिली.

ह्यांनी झाकण उघडलं. तेलाचा थेंब सांडला नव्हता. पट्टीवरून बोट फिरवत म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. दिशा चुकली. आणि मला दिसली नाही, बत्तीस वर्षं झक मारली मी." मी तिथेच मोठ्याने रडले.

"पट्ट्या मी बदलतो," हे म्हणाले.

"हात लावायचा नाही."

सगळ्या उसवल्या आणि वाऱ्याकडे तोंड करून पुन्हा लावल्या. ह्यांनी एकट्याने उडवायचे चाचणीचे तास संपल्यावर दुसऱ्या सीटवर आधी कोण, यावर घरात चर्चा सुरू झाली, ती मी एका वाक्यात संपवली. वर गेल्यावर तेलाचा आकडा मीच मोठ्याने वाचत होते. काटा अठ्ठ्याऐंशीवर थांबला, तेव्हा कुठे मी खाली पाहिलं.