सुईच्या आधीपासून

सकाळी सव्वाआठला प्रेमा फडकं-बादली घेऊन आत आली तर गुणाजी स्टुलावर बसलेला. तिला तेच खटकलं. टोचायच्या सुया शुद्ध करायला वाफेच्या डब्यात ठेवल्या असल्या की तिचा भाऊ कधी बसायचा नाय. मिलमधे साच्यासमोर, म्हणजे मागासमोर, उभा राहायचा तसा डब्यासमोर उभा असायचा, डोळा घड्याळावर. आज बसला होता आणि उजव्या हाताने डावा दंड चेपत होता.

"काय झाला रे दादा?"

"काय नाय. हात जड झालो."

"कधीपासून?"

"आत्ताच. खांद्यापर्यंत ओढल्यासारख्या वाटता. छातीत पण जरा... तू लादी पूस गो. कमिटी येतली."

"सरांका सांगतंय मी."

"प्रेमा." तो हळूच बोलला, पण असा की तिचे पाय थांबले. "आज कोणाक काय सांगायचा नाय. गेटाक कुलूप लागलेला एकदा बघलंय मी. परत नको."

गेट म्हणजे परळच्या मिलचं. एकोणीस वर्षं तिथे कापड विणलं, मग ब्याऐंशीचा संप झाला आणि गेट जे बंद झालं ते झालंच. त्यानंतर दोन वर्षं गुणाजी मिळेल ते काम करत हिंडला. चौऱ्याऐंशीला मुलुंडला पाच रस्त्याजवळ हे कॉलेज निघालं. कॉलेज म्हणजे एका बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर चार खोल्या. चंद्रप्रकाश सर चीनमधे तीन महिने राहून तिथली सुयांची विद्या शिकून आले होते. डॉक्टर झालेली पोरं त्यांच्याकडे वर्षभर ती शिकायला यायची. गुणाजी तिथे शिपाई लागला. पुढच्या वर्षी त्याने लादीच्या कामाला बहिणीलाही लावली. त्याची बायको आधीच गेली होती, प्रेमाचा नवरा गावी भात करायचा. दोघं भावंडं भांडुपला डोंगरावर एका खोलीत राहायची.

नावाला शिपाई, पण खरं काम त्याचं दुसरंच. पोरं सुया टोचायला शिकायची ती गुणाजीच्या अंगावर. सुईची जागा टेपने मोजत नायत, ज्याचं अंग त्याच्याच अंगठ्याच्या रुंदीने मोजतात. गुणाजीचा उजवा अंगठा साच्यात चेपून चपटा झालेला. नवा पोरगा आला की गुणाजी पहिलं डावा अंगठा पुढे करायचा, "हा घ्या डॉक्टर, उजवा धरलात तर सुई शेजारच्याक लागतली."

आणि दुसरी गोष्ट. सुई बरोबर जागी गेली की आत काहीतरी होतं. जड वाटतं, मुंग्या येतात, वीज गेल्यासारखी ओढ लागते. चिनी लोक म्हणतात तिथली शक्ती जागी झाली. ते बाहेरनं कोणाला दिसत नाय, ज्याच्या अंगात सुई तोच सांगणार. म्हणून कॉलेजात सगळे एकच विचारायचे, "आली का?" गुणाजी सांगायचा आली, नायतर नाय आली. त्याच्या शब्दावर मार्क. एकदा एका पोराने परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याला प्लेटभर कांदाभजी आणून दिली. गुणाजीने भजी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, नाय आली. पोरगा बोलला, "मामा, भजी तरी परत द्या." गुणाजी म्हणाला, "ती मात्र खरंच आली हो. रात्रभर."

सर म्हणायचे, माझ्याकडे एकच यंत्र आहे जे बिघडत नाही, ते म्हणजे गुणाजी.

सरांचं संशोधन त्यावरच चाललं होतं. साठ माणसांच्या डाव्या हाताला एकाच जागी सुई लावायची आणि ती ओढ कुठपर्यंत जाते ते लिहायचं. बोटापर्यंत, कोपरापर्यंत, का आणखी वर. चिनी पुस्तकात त्या जागेपासून छातीपर्यंत वाट दाखवलीय, ती खरंच आहे का ते सरांना बघायचं होतं. एकोणसाठ माणसं झाली होती. बहुतेकांची ओढ कोपराला थांबली, गुणाजीची तर शिकवताना शंभरदा सुई लावून कधी कोपराच्या वर गेली नव्हती. साठावा माणूस विद्यापीठाच्या कमिटीसमोर करायचा ठरला होता. कमिटीला पटलं तर कोर्सला मान्यता, नायतर कॉलेज चालवणारे ट्रस्टवाले बोलले होते की दिवाळीनंतर जागा सोडा. तेव्हा ऑगस्ट चालला होता, सत्त्याऐंशीचा.

साडेदहाला सरांचा चेहरा पडला. साठावी म्हणून यायची होती ती घाटकोपरची बाई आलीच नाय. शेजारणीने तिला सांगितलं होतं की हाताला सुई लावली की हात वाळतो.

"आता आयत्या वेळी कोण?" सर म्हणाले.

"मी आहे ना सर," गुणाजी बोलला.

प्रेमा कपबश्या पुसत होती. तिने हातातली बशी खाली ठेवली. गुणाजीने तिच्याकडे बघितलं सुद्धा नाय.

साडेअकराला कमिटीचे दोघं आले. एक जाडे साहेब, भुवया पांढऱ्या, आणि एक बारीक साहेब, सगळं लिहून घेणारे. गुणाजी खाटेवर आडवा झाला. सुई लावणार होती राधा, बोरिवलीची, बॅचमधली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात घाबरट. गुणाजीने सवयीने डावा अंगठा पुढे केला. तिने त्याची रुंदी कागदाच्या पट्टीवर खुणावली, मनगटाच्या घडीपासून दोन अंगठे वर मोजलं, दोन शिरांच्या मधे बोट ठेवलं.

"मामा, घाम आलाय तुम्हाला."

"उकडता गो. पंखा लाव."

प्रेमा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. तिला वाटत होतं, आता बोलावं. ट्रे खाली ठेवावा आणि सांगावं, सकाळपासून ह्याचा हात जड आहे. दोनच वाक्यं. तोंडात आलेली. तेवढ्यात गुणाजीने मान वळवून तिच्याकडे बघितलं. लहानपणी आंबे चोरताना झाडावरनं बघायचा तसं, खाली कोण आलं तर बोलू नको. ती गप्प राहिली.

सुई गेली. राधाने ती बोटांत हळूच फिरवली.

"आली का मामा?"

"आली."

"कुठपर्यंत?"

गुणाजीने डोळे मिटले. "कोपर. वर दंडात. खांद्यापर्यंत. हितनं छातीत, आणि जबड्यात पण."

सर खुर्चीवरनं उठले. पुस्तकातली वाट, जशीच्या तशी. जाडे साहेब पुढे वाकले. बारीक साहेब लिहायचे थांबले आणि परत भराभर लिहायला लागले.

"सुई लावल्यावर किती वेळाने सुरू झालं?" जाड्या साहेबांनी विचारलं. "नीट आठवून सांगा. आधी काही नव्हतं ना?"

प्रेमाच्या हातातल्या चहावर साय धरली होती.

"नाय साहेब," गुणाजी बोलला. "सुई लागली आणि झाला."

तीन वर्षांत त्या खाटेवर पडून तो पहिल्यांदा खोटं बोलला.

राधाने रजिस्टरात लिहिलं. साहेब लोक पुस्तकं बघायला शेजारच्या खोलीत गेले, मागोमाग सर. राधाने सुई काढली. गुणाजी उठला, त्याने स्वतः ती सुई वापरलेल्या सुयांच्या ट्रेमधे ठेवली, झाकण लावलं. मग भिंतीला हात लावून उभा राहिला.

"प्रेमा, गेले काय ते?"

"सकाळपासून आहे त्याला," प्रेमा राधाला म्हणाली. आता तिचा आवाज बाहेर पडला. "सव्वाआठपासून. छाती, हात, सगळं."

राधाने त्याचं मनगट धरून नाडी बघितली. ती ओरडत सरांकडे धावली. सरांनी आणि जाड्या साहेबांनी मिळून गुणाजीला जिन्यावरनं खाली आणला. रिक्षात त्याचं डोकं प्रेमाच्या मांडीवर होतं. सिग्नलला त्याने विचारलं, "कमिटी काय बोलली?"

"बरा बोलली," ती म्हणाली. कमिटी काहीच बोलली नव्हती.

हॉस्पिटलच्या दारात तो गेला.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी प्रेमा कामाला आली. कमिटीचं पत्र आलं होतं, कोर्स चालू राहणार होता. सर टेबलावर रजिस्टर उघडून रिपोर्ट लिहीत बसले होते. ती बादली घेऊन समोर उभी राहिली.

"सर, दादाचं काय लिहिलंय त्यात?"

सरांनी पान फिरवलं. "साठावा. खांदा, छाती, जबडा. वेळ सुईनंतर लगेच." त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "प्रेमा, राधाने मला सांगितलंय. पंधरा दिवस मी हे पान उघडतोय आणि मिटतोय. एवढं स्पष्ट एकाचंही नाही इथे."

"ते सुईचं नव्हतं. सुईच्या आधीपासून होतं. तो खोटं बोलला ते ह्या जागेसाठी. मी पण गप्प राहिले, ते माझ्याकडे राहू दे. पण त्याचं खोटं पुस्तकात नको. तुम्ही त्याला यंत्र म्हणायचात."

सरांनी पेन घेतलं.

"किती वाजता सुरू झालं होतं?"

"सव्वाआठ."

त्यांनी वेळ लिहिली. मग पट्टी ठेवून गुणाजीच्या नावाच्या ओळीवर सरळ रेघ मारली आणि शेजारी सही केली. "कमिटीला पण कळवायला लागेल. बघू काय म्हणतात. आणि साठावा माणूस परत शोधायचा."

प्रेमाने बादली खाली ठेवली. हात पदराला पुसले, डाव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सारल्या आणि अंगठा पुढे केला.

सरांनी राधाला हाक मारली. राधाने कागदाची नवी पट्टी घेतली, अंगठा मोजला, सुई लावली.

"आली का, मावशी?"

प्रेमाने हाताकडे लक्ष दिलं.

"नाय आली."

राधाने सुई थोडी वर घेतली, परत आत नेली, फिरवली. "आता?"

"नाय," प्रेमा म्हणाली. "अजून नाय."