मॅनेजरची सही

मुलींच्या संघाबरोबर एक बाई मॅनेजर लागते, असा नियम आहे. बाकीच्या मुलींच्या आया कामाला जातात. रिकामी मी एकटीच. म्हणून चौथी पास बाई सॉफ्टबॉलच्या संघाची मॅनेजर झाली. यात माझं कौतुक काही नाही.

अंबरपेठेत आमच्या घरामागे मैदान आहे. मैदान म्हणजे खडी, आणि मधोमध विजेचा खांब. तिथं माझी नात आणि आणखी अकरा मुली संध्याकाळी खेळायच्या. चिक्कडपल्लीत शाळेचे ड्रेस शिवणाऱ्या दुकानात मी तीस वर्षं मशीनवर बसले, त्यामुळे त्यांचे फाटके ग्लोव्ह शिवायला माझ्याकडे यायला लागले. मग मी ते घेऊन मैदानाच्या कडेलाच बसायला लागले. बघून बघून खेळ कळायला लागला. नाव सॉफ्टबॉल, पण चेंडू मऊ नसतो. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मी सरांना विचारलं होतं, "हा खेळायचा आहे की ह्यानं मसाला वाटायचा आहे?"

सर म्हणजे मुलींना शिकवणारा. आमच्यातलाच. त्याचा बाप आणि माझा बाप नांदेडकडून मागंपुढंच इकडे तेलुगू मुलखात आले. दिवसा ऑफिसात कारकुनी करायचा, संध्याकाळी मुलींना फुकट शिकवायचा. मला मावशी म्हणायचा. आठवड्यातून दोनदा तरी माझ्या हातची भाकरी खाऊन जायचा. लोकांत मी त्याच्याबद्दल चांगलंच बोलत आले.

थंडीच्या दिवसांत शहरातल्या संघांची स्पर्धा निघाली. तिच्यात दोन गट होते. एक नवीन संघांचा. दुसरा वरचा, तिथं वर्षानुवर्षं खेळणारे संघ. वरच्या गटात खेळलं की जे प्रमाणपत्र मिळतं ते पुढं कॉलेजात खेळाडूंच्या कोट्याला चालतं. नवीन गटाचं चालत नाही. माझी नात तेव्हा इंटरच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला होती. अभ्यासात साधारण. चेंडू मात्र चांगला टाकायची.

पण एकटीच्या जोरावर संघ होत नाही. आमच्या बारा जणींत खऱ्या खेळणाऱ्या तिघी. बाकीच्यांनी मॅच डोळ्यांनी बघितली नव्हती. सगळ्यात लहान सातवीतली, शेजारच्या तेलुगू घरातली. तिची आई एका शाळेत स्वयंपाकाला जाते. ती मुलीला पाठवायची ते माझ्या भरवशावर. "तुम है तो भेजती, अम्मा," असं तिनं मला तोंडावर सांगितलं होतं.

आमच्याकडे रविवारी विहारात वंदना झाली की ओट्यावर बसून काय ते ठरवतात. कुणाचं लग्न, पाण्याची मोटर, काहीही. प्रत्येक घरानं बोलायचं. एकदा ठरलं की घरी जाऊन त्यावर परत तोंड उघडायचं नाही, नाहीतर घरोघरी भांडणं लागतात. ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटायची. संघाचंही तिथंच ठरवायचं, असं सर म्हणाले. तेलुगू घरंही आली.

नात पहिल्यांदा बोलली. "वरच्यात खेळलो तरच फायदा आहे. खालच्यात जिंकून काय मिळणार? प्लास्टिकचा कप."

"चहा पी त्यात," मी म्हटलं. बायका हसल्या. नात हसली नाही.

शेजारीण म्हणाली, "मेरी बच्ची के हात में बॉल नै ठैरता. उने बडी-बडी पोट्टियों के सामने क्या करती?"

सरांनी मान हलवली. "बरोबर आहे. यंदा नवीन गटात उतरू. चार मॅच खेळतील, भीती मोडेल. वरच्याचं पुढच्या वर्षी."

सगळ्यांनी हात वर केले. नातीनंही केला. मी बघितलं.

त्यानंतर दोन आठवडे घरात त्या विषयावर एक शब्द निघाला नाही. ती गप्प होती. मला वाटलं, पोरगी समजूतदार झाली.

मग सर फॉर्म घेऊन आले. सगळा इंग्रजी. मला मराठी वाचता येतं. गौलीगुड्याच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले, आणि शिकलेलं विसरले नाही. नातीचं उलटं. ती इंग्रजी भराभरा वाचते, मराठीचं एक वाक्य वाचायचं तर अक्षरं चाचपत बसते. कागद मराठी आला तर मी वाचायची, इंग्रजी आला तर ती. दोघी मिळून आम्ही एक शिकलेलं माणूस होतो.

फॉर्मच्या मधोमध दोन चौकोन होते. दुसऱ्यात टिक केलेली होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"आजी, गट आहे तो."

"टिक कुठल्या गटाला?"

तिनं त्याच चौकोनावर बोट ठेवलं. "न्यू टीम्स. नवीन संघ."

"नीट बघ."

"बघितलं ना. लाइट घे, आजी, एवढं मनावर नको घेऊस."

सर समोर बसून भाकरी खात होते. त्यांनी वर बघितलं नाही. मी सही केली. पूर्ण नाव, मराठीत, ठळक. माझा फोन बटणांचा, म्हणून मॅनेजरचा नंबर लिहायचा तिथं नातीनं स्वतःचा लिहिला. पुढं जे काही कळवलं गेलं ते सगळं तिच्याच फोनवर आलं. बाकी मुलींना तिनं फक्त सकाळी सातला तयार राहा, एवढंच सांगितलं.

स्पर्धेच्या मैदानावर पोचलो तेव्हा समोरचा संघ सराव करत होता. सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, पायात खिळ्यांचे बूट. त्यांची चेंडू टाकणारी मुलगी हात फिरवायची तेव्हा चेंडू दिसायचाच नाही. नुसता ग्लोव्हमध्ये फटाका फुटल्यासारखा आवाज. मी सरांना विचारलं, "ह्या नवीन आहेत का रे?"

"मावशी, तुम्ही सावलीत बसा ना." तो बुटाची नाडी बांधत होता. मघाशी बांधलेलीच.

मी टेबलाकडे गेले. तिथल्या माणसानं सांगितलं, नवीन संघांचं मैदान भिंतीपलीकडे. तुम्ही वरच्या गटात आहात. मी म्हटलं, चूक झाली आहे. त्यानं फाइल उघडली आणि फॉर्म माझ्याकडे फिरवला. दुसऱ्या चौकोनात टिक, खाली माझी सही. एवढ्या सगळ्या इंग्रजीत तेवढंच मराठी होतं, ते उठून दिसत होतं. आता गट बदलता येणार नाही, म्हणाला. नको असेल तर संघ मागं घ्या.

मला तेव्हा मागं घेता आला असता. मॅनेजर मी होते. पण मुली मैदानात उतरल्या होत्या, लोक बघत होते, आणि टेबलासमोर उभं राहून काय सांगायचं ते मला सुचेना. मनाशी म्हटलं, हरतील आणि घरी येतील. हरण्यानं कुणी मरत नाही.

नात त्या दिवशी चांगली खेळली. ते लपवण्यात अर्थ नाही. दोन मोठ्या मुलींना तिनं बाद केलं, आणि कडेला बसलेल्या निवड करणाऱ्या लोकांनी वहीत काहीतरी लिहिलं. पण बाकीच्यांना चेंडू झेपेना. धावा किती झाल्या ते मी बघायचं सोडलं. लहानगी तिसऱ्या बेसवर उभी होती. तीन मुली त्या दिवशी आल्याच नव्हत्या, त्यामुळे तिला तिथं उभं करायला दुसरी कुणी नव्हती. एक फटका सरळ तिच्याकडे आला. तिनं ग्लोव्ह वर केला, पण उशिरा.

पुढचे दोन दात गेले. ओठ फाटला. रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी तोंडावर पदर दाबून धरला होता. ती रडलीसुद्धा नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. दवाखान्यात टाके घातले.

तिला घरी सोडल्यावर संध्याकाळी मी दोघांना समोर बसवलं.

"टिक कुणी केली?"

"मी," सर म्हणाले. "मावशी, तुमच्याच नातीसाठी केली. पोरगी वाया जात होती. त्या लोकांनी तिला बघावं म्हणून वरच्यात उतरवलं. बाकीच्यांना कुठं पुढं खेळायचंय?"

"मग ओट्यावर हात कशाला वर केलास?"

"तिथं कुणी ऐकलं असतं का?"

"आणि तू?" मी नातीला विचारलं. "बोट ठेवून खोटं वाचलंस?"

ती म्हणाली, "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो."

"म्हणून नाही विचारलं."

मी तिला मारलं नाही, शिवीही दिली नाही. सरांना उठ म्हटलं. ते गेले. त्यानंतर त्यांना माझ्या घरात भाकरी मिळाली नाही. खरं सांगायचं तर सरांचा राग मला तेवढा आला नाही. पुरुषमाणसं स्वतःच्या मोठेपणासाठी असली कामं करतात, मी आयुष्यभर बघत आले. पण ज्या डोळ्यांनी मी इंग्रजी वाचत होते तेच डोळे माझ्याशी खोटं बोलले. गेल्या किती वर्षांत तिनं काय काय खोटं वाचून दाखवलं असेल? लाइटचं बिल, औषधाच्या बाटलीवरचं, बँकेचं पत्र. ते आता मला कधीच कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण आली. आत आली नाही, दारातच उभी राहिली. हातात फॉर्मचा फोटो असलेला फोन होता. कुणीतरी तिला पाठवला होता.

"अम्मा, ये सही तुम्हारी है?"

"हौ."

"तुम पढ के करे ना?"

नात माझ्या मागंच उभी होती. एक वाक्य बोलले असते तर मी सुटले असते.

"हौ," मी म्हटलं. "पढ के करी."

शेजारीण भांडली नाही. "तुम पे छोडी थी मैं," एवढं म्हणाली आणि गेली.

नातीनं माझा हात धरला. "आजी, थँक्स. तू माझं नाव घेतलं नाहीस."

"तुझ्यासाठी नाही," मी हात सोडवून घेतला.

ते खरं होतं. तिला वाचवावं हे माझ्या मनात आलंच नव्हतं. महिनाभर गल्लीत मॅनेजर म्हणून मिरवत होते. त्या बाईसमोर उभं राहून 'मला वाचता येत नव्हतं' हे म्हणायला जीभ उचलली नाही. न वाचणारी म्हातारी होण्यापेक्षा वाचून फसवणारी झाले.

नातीची पुढच्या शिबिराला निवड झाली. प्रमाणपत्रही आलं. संघ राहिला नाही, आठ घरांनी मुली काढून घेतल्या. शेजारीण अजून शेजारीच राहते. तिच्या मुलीला दात बसवले, ते जरा वेगळ्या रंगाचे दिसतात. ती मुलगी मला बघून हसते. आई तिला लगेच आत बोलावते.