सात नंबरचा घास

आई तीन महिन्यांसाठी दुबईत अल कुसैसला आमच्याकडे राहायला आली आणि दुसऱ्याच सकाळी तव्यावरची पहिली पोळी हातात घेऊन म्हणाली, "गाय कुठे असते इथे?" बाबा गेल्यापासून गाईला घास दिल्याशिवाय ती जेवत नाही. माझी मुलगी म्हणाली, "आजी, देअर आर नो काऊज हिअर!" आई पोळी झाकून उपाशी बसली.

मी पशुखाद्याच्या कंपनीत नोकरी करतो. आईच्या समजुतीने दुभत्या जनावरांसाठी. खरं तर मांसासाठी पाळलेल्या बैलांची वाढ आणि मांसाचा दर्जा आमच्या पूरक खाद्याने किती सुधारतो, हे दाखवणं माझं काम. आणि मी जन्मात अंडंही न खाल्लेला माणूस. हे तिला सांगायची हिंमत मला आजवर झालेली नाही. "आहे की गाय, आमच्या फार्मवर," असं म्हणून मी पोळी डब्यात भरली.

फार्मवर बैलांचे दोन गट होते. एकाला चाऱ्याबरोबर आमचं पूरक खाद्य, दुसऱ्याला नुसता चारा. प्रयोगात ढवळाढवळ नको म्हणून मी पूरक खाद्याचा गट टाळला आणि पोळी दुसऱ्या गटातल्या सात नंबरला दिली. हीसुद्धा ढवळाढवळच, हे माझ्या पदवीला सुचलं नाही.

आईने ही गाय बिल्डिंगभर केली. इतक्या वर्षांनी पुण्य कमवायची सोय झालेली पाहून बायका रोज दाराशी. पोळ्या, गूळ, सणाला पुरणपोळी. डब्याची बादली झाली. सात नंबर माझ्या गाडीचा आवाज ओळखायला लागला. मला त्याचा लळा लागला, हे कबूल करतो.

दोन महिन्यांनी वजनं झाली. सात नंबरने पूरक खाद्यवाल्या सगळ्यांना मागे टाकलं. मॅनेजर माझ्याकडे बघत म्हणाला, "यल्ला, इसको क्या खिलाया?"

"चारा, सर."

मग मांसाची चव घेण्याचा दिवस आला. मी फक्त कागद भरत होतो. लॅबमधला रत्नागिरीचा सहकारी बराच वेळ चावत राहिला. "बाकी सगळी ठीक आहेत, हबीबी. पण हे सात नंबरचं घरचं लागतंय रे."

मी बाथरूममध्ये जाऊन रडलो.

घरी आईने रोजच्यासारखं विचारलं, "खाल्लं का तिने?"

"खाल्लं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बादली हजर. दुसऱ्या बैलाला द्यायचा धीर होईना, परत नेली तर आई जेवायची नाही, आणि अन्न टाकायचं नाही हे तिनेच शिकवलेलं. महिनाभर मी फार्मच्या फाटकाबाहेर गाडीत बसून जमेल तेवढं संपवत होतो. उरलेलं फाटकावरच्या पहारेकऱ्याला.

निघायच्या दिवशी विमानतळावर आईने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. माझ्या शर्टाची बटणं ताणलेली होती.

"चांगली सुधारली हो तब्येत तुझी," ती समाधानाने म्हणाली. "गाईचा आशीर्वाद."

मी पोट आत ओढून तिच्या पाया पडलो.