थांबा, येतोय

एलादिओ आमच्या पेन्यासेका गावचा. त्याचा मामा गावचा दवंडीवाला होता. चौकात पितळी शिंग फुंकून मासळीची गाडी आली, सारा भरायचा दिवस आला, असं ओरडून सांगायचा. एलादिओ त्याच्याकडूनच शिंग वाजवायला शिकला. पुढं स्पेनच्या फौजेच्या सोडतीत नाव निघालं, तेव्हा त्याच्या हाती बिगुल आला. त्याच सोडतीत ब्रिहिदामावशीचा धाकटा लिआंद्रोही निघाला. ज्यांच्या बापांना पैसे भरून सूट घेणं परवडलं त्यांची पोरं घरी राहिली, हे दोघे आफ्रिकेला गेले.

लिआंद्रो मेल्याची बातमी आली तेव्हा केशराची फुलं खुडायचे दिवस होते. आमच्या पावाच्या भट्टीमागच्या खोलीत लांब मेजाभोवती आम्ही बाया फुलांतले लाल तंतू निवडत बसलो होतो. पाद्रीबाबा वर्तमानपत्र घेऊन दारात आले आणि उभ्यानंच वाचू लागले. आफ्रिकेत, मेलिल्याच्या मागच्या डोंगरात कमांडर अर्बेलोआ यांनी एका चौकीला माघारीचा हुकूम दिला होता. बिगुलवाल्यानं घाबरून भलतीच धून वाजवली. चौकीवरचे लोक जागेवरच थांबले आणि सगळे मारले गेले. बिगुलवाल्याला कैद झाली होती.

ब्रिहिदामावशीची बोटं चालतच राहिली. पुढ्यातली फुलं संपल्यावर तिनं शेजारणीच्या ढिगातली ओढून घेतली. कुणी तिचा हात धरला नाही. रडली ती माझी आई.

एलादिओ सुटून आला तेव्हा माझं लग्न ठरत होतं. त्याचा मामा तोवर वारला होता आणि गावाला दवंडीवाला नव्हता. सरपंचाच्या मनात ते काम एलादिओला द्यायचं होतं, पण ब्रिहिदामावशीचा थोरला, मार्सेलो, भर दारूच्या दुकानात म्हणाला, "त्यानं चौकात शिंग वाजवलं तर मी त्याचं तोंड फोडीन."

एलादिओनं शिंग वाजवलं नाही. मामाच्या घरातून ते उचलून तो चौकातून नुसता चालला होता. मार्सेलोनं कुदळीच्या दांड्यानं त्याचं तोंड फोडलं. पुढचे दात गेले, वरचा ओठ नाकापर्यंत फाटला. दाढी करणाऱ्यानं शिवला, पण वाकडाच जुळला. त्या तोंडानं आता शिट्टीसुद्धा वाजणार नव्हती. मार्सेलोला कुणी काही बोललं नाही. आम्हीही नाही.

एलादिओला काम द्यायला कुणी तयार नव्हतं. माझे वडील तसे कठोर, पण भट्टीला लाकडं लागायची आणि डोंगरातून ओझं वाहणारा माणूस मिळत नव्हता. "लाकडं आण, पाव घेऊन जा," एवढंच ते त्याला म्हणाले. मी रोज पीठ मळताना त्याला बघायची. तो लाकडं रचायचा, पाव काखेत मारायचा, निघून जायचा.

एका सकाळी ब्रिहिदामावशी पाटावर कच्चे पाव मांडून भाजायला घेऊन आली आणि तो आत होता. मी घाबरले. मावशीनं पाट खाली ठेवला.

"एलादिओ, बस तिथं."

तो लाकडांवर बसला.

"काय वाजवलंस तू?"

"मावशी, सोड ना."

"मी काय मारायला आलेय तुला? मारून झालंय ते. काय वाजवलंस, ते सांग."

"थांबा, येतोय." फाटक्या ओठातून शब्द नीट येत नव्हते. "आधी त्यांच्या तुकडीची धून. मग 'थांबा, येतोय'ची."

"घाबरून?"

"नाही. तोच हुकूम होता."

मावशी पिठाच्या पोत्याला टेकली. मी मळायची थांबले, तशी ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू मळ गं."

मग एलादिओनं सांगितलं. सगळी फौज मोडून समुद्राकडं पळत होती. लिआंद्रोची चौकी पुढच्या टेकडीवर होती, त्यांचं पाणी संपलं होतं. ती माणसं खाली उतरली असती तर त्यांच्या मागोमाग शत्रू सगळ्या पलटणीवर आला असता. चौकी लढत राहील तोवर शत्रू तिथंच अडकणार होता. कमांडर घोड्यावरून म्हणाला, "वाजव. थांबा, येतोय."

"मी विचारलं मावशी. साहेब, आपण जाणार ना तिकडं? तर म्हणाला, तुला विचारलंय का?"

"आणि वाजवलंस."

"वाजवलं."

"त्यांनी ऐकलं?"

"टोप्या हलवल्या त्यांनी. सगळ्यांनी. आम्ही लगेच पाठ फिरवून समुद्राची वाट धरली. दुपारभर मागून गोळ्यांचे आवाज येत होते."

मावशीनं हातांना लागलेलं पीठ झटकलं. मग म्हणाली, "म्हणजे तुला ठाऊक होतं, कुणी जाणार नाही ते."

"होय."

"माघारीची धून वाजवता आली असती तुला."

"आली असती." तो जमिनीकडं बघत होता. "मलाही घरी यायचं होतं, मावशी."

मला वाटलं, आता ती लाकूड उचलेल. तिनं पाट उचलला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "करपू देऊ नकोस." आणि गेली.

त्यानंतर ती त्याच्याशी चांगलं वागू लागली असं नाही. चौकात दिसला तर मान वळवायची. पण मार्सेलोला तिनं घरी बसवून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "कैदेतून आलेला माणूस काहीही सांगेल." ती म्हणाली, "खोटं सांगणारा स्वतःला इतकं वाईट सांगत नाही." मायलेकांत त्यावरून बोलणं तुटलं.

काही वर्षांनी सारागोसा शहरात पलटणीचं स्मारक उभं राहिलं. मेलेल्यांच्या आयांना बोलावणं आलं. अर्बेलोआ आता जनरल झाला होता आणि तोच पडदा बाजूला करणार होता. मार्सेलो जायला तयार नव्हता. मावशी एलादिओच्या दारात जाऊन म्हणाली, "मला शहरातलं काही कळत नाही. चल." सोबतीला मला घेतलं.

एलादिओ चौकाच्या कडेला झाडाखालीच थांबला, पुढं यायचं धाडस त्याला झालं नाही. मी मावशीबरोबर खुर्च्यांपर्यंत गेले. दगडात लिआंद्रोचं नाव होतं, अक्षरं नवीकोरी. मावशीला वाचता येत नव्हतं, मी तिचं बोट त्यावर फिरवलं.

मग जनरल बोलला. आवाज चांगला होता त्याचा. म्हणाला, त्या चौकीच्या वीरांना माघारीचा हुकूम मिळाला होता, पण त्यांनी तो नाकारला. आपल्या सोबत्यांसाठी त्यांनी स्वतः होऊन मरण निवडलं.

पाद्रीबाबांनी वाचून दाखवलेली गोष्ट यात कुठंच नव्हती. चुकीची धून गेली, बिगुलवाला गेला, कैद गेली. ज्या खोट्यापायी एलादिओचं तोंड फुटलं, ते खोटंसुद्धा आता कुणाला नको होतं.

भाषण संपल्यावर जनरल आयांच्या रांगेतून हात हातात घेत आला. ब्रिहिदामावशीनं त्याचा हात सोडला नाही.

"साहेब, माझा पोरगा तुमची वाट बघत होता."

"बाई, तुमचा मुलगा शूर होता."

"शूरबिर नव्हता हो. विहिरीत डोकवायलासुद्धा भ्यायचा. तुम्ही येतो म्हणालात, म्हणून तो थांबला."

जनरल हसतच राहिला. मला वाटलं, त्याला ऐकू आलं नसेल, पण त्याच्या मानेवर लाल चट्टे उठले. बाजूच्या अधिकाऱ्यानं मावशीची बोटं एकेक करून सोडवली आणि म्हणाला, "चला आई, उन्हानं चक्कर येतेय तुम्हाला." आम्हाला सावलीत नेऊन बसवलं, लिंबूपाणी दिलं. मावशीनं ते घेतलं नाही.

परतीच्या गाडीत एलादिओनं विचारलं, "काय म्हणाला?"

मी मावशीकडं बघितलं. तिनंच सांगितलं, शब्दनशब्द. एलादिओ खिडकीकडं तोंड करून बसला. जरा वेळानं म्हणाला, "मग मी कैदेत कशाला होतो?"

मावशीनं गाठोड्यातला पाव मोडून अर्धा त्याच्या मांडीवर ठेवला.

पुढं देशातच आपसातली लढाई आली आणि आमच्याच डोंगरांवर दोन फौजा समोरासमोर बसल्या. त्या हिवाळ्यात खंदक खणायला गावातून माणसं धरून नेली, त्यांत एलादिओही होता. तिथं तो कुणाच्या गोळीनं नाही, थंडीनं मेला. पायांपासून काळा पडत गेला म्हणे. गाढवावर घालून आणला तेव्हा गावात पुरुष फारसे उरलेच नव्हते.

मार्सेलो होता, लंगडा होऊन परतलेला. मी त्याला म्हणाले, "दादा, जमीन गोठलीय, आम्हा बायांच्यानं खणवत नाही." तो उंबऱ्यावरून उठला नाही. "मी त्याच्यासाठी खड्डा खणायचा?" एवढंच म्हणाला.

जमिनीवर जाळ करून, ती थोडी मऊ पडली की खणायचं, असं करत आम्ही दोन दिवस लावले. ब्रिहिदामावशीला तोवर नीट दिसत नव्हतं. ती जाळाला काटक्या घालत बसली होती आणि मधूनमधून विचारत होती, "झालं का गं पुरेसं खोल? कुत्री उकरतील हो."