ट्रेसरबाईंचा कॅप्टन

ट्रेसरबाई माणसाला घाबरवायच्या त्या भर दुपारी, तीन ते सहा या वेळात, आणि मध्ये साडेचारला आल्याचा चहा देऊन. रात्रीची वेळ त्यांना मान्यच नव्हती. "अंधारात कुणीही घाबरवेल हो," त्या म्हणायच्या. "त्यात माझं काय कौशल्य? लख्ख उजेडात, पोट भरलेलं असताना अंगावर काटा यायला हवा." रविवारी जेवून सुस्तावलेले आम्ही तिघं त्यांच्या क्वार्टरमध्ये शिरायचो आणि सहाला बाहेर पडताना मागं वळून वळून बघत चालायचो. मी तर खोलीवर गेल्या गेल्या आधी कॉटखाली बघायचो. वय वर्षं एकोणतीस, बँकेत कॅशियर, आणि हा पराक्रम.

कोयनानगरला माझी बदली झाली तेव्हा मी तिथं कुणालाच ओळखत नव्हतो. मी आटपाडीकडचा. आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं. आमच्याकडं पाऊस झाला तर लोक एकमेकांना फोन करून सांगतात. इथं चार-चार महिने बनियन वाळत नव्हतं. धरणाच्या वसाहतीतली माणसंही कमी होत चालली होती. ओळीनं क्वार्टर्स, त्यातल्या निम्म्यांना कुलपं, पायरीपर्यंत गवत. बँक बंद झाली की माझ्याशी बोलायला फक्त खानावळवाला उरायचा, आणि तोही 'भात वाढू का' याच्या पलीकडं जायचा नाही. अशातच एकदा एक उंच, सडसडीत बाई पासबुक भरून घ्यायला आल्या. जाता जाता काउंटरवर थबकल्या आणि म्हणाल्या, "रविवारी काय करता?" मी म्हटलं, काही नाही. "मग या आमच्याकडं. आम्हाला एक माणूस कमी पडतोय."

मी कुठंतरी कमी पडतोय, म्हणजे कुणाला तरी हवा आहे, हे वाक्य मी दोन दिवस मनात घोळवत होतो. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

बाईंचा खेळ टेबलाभोवती बसून गोष्टीचा. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आपापल्या माणसाच्या तोंडानं बोलायचं आणि कुठं अडलं की दहा तोंडांचे फासे टाकायचे. असे खेळ खेळणारे बाकीचे लोक ड्रॅगन मारतात म्हणे. बाईंकडं ड्रॅगन नव्हते. त्यांची गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातली. आपल्याकडं पेशवाई बुडत होती त्या सुमाराची. तिकडचा राजा वेडा झालेला, त्याच्या जागी मुलगा कारभार बघतोय, आणि सरदार-दरकदार मोठमोठ्या हवेल्यांत नाचाच्या मेजवान्या देताहेत. आणि त्याच वेळी वर, ताऱ्यांच्याही पलीकडं, कुणीतरी कूस बदलतंय. एवढं प्रचंड, की त्याला माणूस म्हणून काही असतं हेच ठाऊक नाही.

हाच काळ का, असं मी एकदा विचारलं. बाई पेन्सिलीला टोक करत होत्या. म्हणाल्या, "त्या लोकांना घाबरायची मुभा नव्हती. ओरडलं की अब्रू गेली. समोर आभाळ फाटलं तरी हातमोजे नीट करून 'आज हवा छान आहे' म्हणायचं. मला अशी माणसं चटकन कळतात." बाई एकट्या. लग्न केलं नव्हतं, का ते कुणी विचारलं नव्हतं, आणि सगळी नोकरी एका पुरुषी कचेरीत काढलेली. त्यांच्या खेळात म्हणूनच प्रत्येकाच्या कागदावर दोन रकाने असायचे, एक भानाचा आणि एक अब्रूचा. भलतंसलतं दिसलं की भान कमी व्हायचं, भलतंसलतं वागलं की अब्रू.

आमच्यात बाळू वायरमन होता. दिवसभर खांबावर चढणारा, दणकट मिशांचा गडी. त्याच्या वाट्याला आली होती एक म्हातारी सरदारीण, ड्यूकची विधवा. बाळूनं ती अशी काही वठवली की विचारू नका. खांद्यावर टॉवेल शालीसारखा घ्यायचा आणि सुरू व्हायचा, "आवं लॉर्डसाहेब, लय थंडी हाय, शेकोटीजवळ बसा की!" दवाखान्यातल्या सिस्टर पाद्री झाल्या होत्या. मी होतो फ्रेंचांशी लढून परत आलेला कॅप्टन. शूर, कमी बोलणारा, मित्राला कधी न सोडणारा. हे गुण माझे मी निवडले नव्हते, बाईंनी कागदावर लिहूनच दिले होते. बाई मला कॅप्टन म्हणायच्या, टेबलावर आणि टेबलाबाहेरही. बाळू मात्र शेवटपर्यंत 'बँकसाहेब'वरून हलला नाही.

ट्रेसर म्हणजे काय, हे आताच्या पोरांना सांगावं लागेल. इंजिनियरच्या आराखड्यावर पातळ ट्रेसिंग पेपर अंथरायचा आणि शाईनं रेघ न रेघ उतरवून घ्यायची. संगणक आले आणि ते काम गेलं. बाई त्यांच्या कचेरीतल्या शेवटच्या ट्रेसर. पुढची सगळी वर्षं त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं होतं. मग हात त्यांनी आमच्यासाठी चालवला. इंग्लंडातल्या त्या हवेल्यांचे नकाशे त्या असे काढायच्या की उद्या गवंडी बोलवावा. उत्तर दिशेचा बाण, मोजमाप, जिन्याच्या पायऱ्या, आणि सांडपाण्याची गटारंसुद्धा. "गटार कुठनं जातं ते कळल्याशिवाय घराची भीती बसत नाही," हे त्यांचं ठाम मत. पुढं एका रविवारी जे आलं ते गटारातूनच आलं, तेव्हा आम्हाला पटलं.

त्यांची एक गोष्ट मात्र आम्ही पार मातीत घातली. तीन आठवडे खपून त्यांनी ती रचली होती. धुक्यातून हवेलीच्या दाराशी एक पाहुणा येतो. तो माणूस नाही. पण घरातल्यानं बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. त्याला ओळखावं, दारात थोपवावं, तीन तास ती लढत चालावी असा बेत. बाईंनी आवाज खाली आणून सांगितलं, "दारात कुणीतरी उभं आहे." आणि बाळू सरळ बोलून गेला, "आवं मग भाईर का हुबं? या की आत! च्या घ्या, मग जावा." दहा मिनिटांत आम्ही सगळे खलास. बाईंनी डोक्याला हात लावला. मग हसायला लागल्या, त्या थांबेचनात. डोळ्यांतून पाणी आलं. "तिकडचा माणूस दारात आधी ओळख विचारतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही चहा विचारता. तुम्हाला मी कशी वाचवू?"

कोयनेत जमीन अधूनमधून हलतेच. एकदा खेळ ऐन रंगात असताना कपबश्या थरथरल्या, दिवा झुलायला लागला. मी खुर्चीवरून निम्मा उठलो. बाईंनी दिव्याकडं एक नजर टाकली. "बसा कॅप्टन, हा आपल्याकडचाच आहे, गोष्टीतला नाही," म्हणाल्या आणि सोडलेलं वाक्य पुढं चालू केलं.

भुताखेतांवर त्यांचा राग होता. "भुताचं काय घेऊन बसलात? भूत तुमच्याच मागं लागतं ना? म्हणजे त्याला तुमची आठवण आहे. माझ्या गोष्टीत वर जे कुणी आहे, त्याला तुम्ही आहात हेच माहीत नाही. त्याची भीती वाटते मला." मी त्यांना माझ्या वडलांची गोष्ट सांगितली. उभा जन्म मेंढरांमागं गेला, उघड्यावर झोपणं. लहानपणी मी विचारलं होतं, एवढं मोठं आभाळ, तुम्हाला भ्या वाटत न्हाई? ते म्हणाले, "त्ये कुठं आपल्याकडं बघतंय रं? कुनी बघत न्हाई म्हनूनशान तर झोप लागती." बाईंनी हातातले फासे खाली ठेवले. मग त्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. पुढच्या रविवारी गोष्टीत एक मेंढपाळ आला, आणि आभाळात जे कुणी होतं त्यानं बाकी सगळ्यांना वेड लावलं तरी त्याचं भान एका गुणानंही कमी झालं नाही.

मग बाई निवृत्त झाल्या. क्वार्टर सोडावी लागली. सांगलीजवळ माधवनगरला भावाचं घर होतं, तिकडं जायचं ठरलं. शेवटच्या रविवारी त्या खेळल्याच नाहीत, नकाशांच्या गुंडाळ्या करत बसल्या. मी मदत करायला गेलो तर म्हणाल्या, "माणसं सांभाळा कॅप्टन. खेळ मी कुठंही मांडीन, पण समोर बसायला माणसं लागतात. भावाकडं मला सगळं मिळेल, फक्त हे नाही मिळणार." महिन्यातून एकदा माधवनगरला जमायचं असं आम्ही तिघांनी शब्द देऊन ठरवलं. दोनदा जमलो. सिस्टरांची बदली लांब झाली. माझी इस्लामपूरला झाली, तिथं माझं लग्न झालं. इस्लामपूरहून माधवनगर एसटीनं सव्वा तास. दर शनिवारी बाईंचा फोन यायचा, "उद्या?" एवढंच विचारायच्या. मी म्हणायचो, "बघतो." खरं सांगायचं तर मला आता घर होतं, बायको होती, रविवारी मटण होतं. मला त्या टेबलाची गरज उरली नव्हती आणि बाईंना होती, हे मला नीट कळत होतं. मी फोन उचलायचं कमी केलं. पुढं फोन यायचा बंद झाला.

त्यानंतर सांगलीत गणपती पेठेत ते घडलं. बायको, सासूबाई आणि माझा मेव्हणा असे आम्ही भांडी घ्यायला गेलो होतो. मेव्हणा सैन्यात हवालदार, सुट्टीवर आलेला, छाती पुढं काढून चालणारा. रस्त्याच्या पलीकडून हाक आली, "कॅप्टनसाहेब! अहो कॅप्टनसाहेब!" बाई होत्या. हातात पिशवी, दुसरा हात उंच केलेला, चेहरा नुसता फुललेला. मेव्हण्यानं इकडंतिकडं बघितलं. "दाजी, तुमच्याकडंच बघून हाका मारतीया. तुमी कवापासनं कॅप्टन झाला वो?" आणि तो हसला. खऱ्या शिपायासमोर माझे कान तापले. मी म्हटलं, "मला न्हाई. दुसऱ्या कुणाला तरी. मी न्हाई वळखत," आणि पाठ फिरवून पातेली बघायला लागलो. दुकानातल्या एका परातीत मला रस्ता दिसत होता. बाईंचा वर केलेला हात हळूहळू खाली आला.

ते परातीतलं चित्र काही जाईना. जेवताना दिसायचं, काउंटरवर नोटा मोजताना दिसायचं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "जाऊन माफी मागून या की, एवढं काय!" तरी मला तीन महिने लागले. मनात मी चित्र रंगवलं होतं: बाई एका खोलीत एकट्या, मला बघून डोळे भरून येतील, मी म्हणेन, चला बाई, मांडा खेळ. मी त्यांच्यावर उपकार करायला निघालो होतो, हे आता कळतं.

एका रविवारी तीनच्या ठोक्याला माधवनगरला पोचलो. घराचा पुढचा सोपा माणसांनी भरलेला. बाईंच्या वहिनी, शेजारच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या दोघी, एक निवृत्त पोस्टमन. बरणीला टेकवलेल्या मोबाईलमध्ये टॉवेल पांघरलेला बाळू. "आवं बँकसाहेब! लय दिसांनी!" तो ओरडला. मधोमध नकाशा, गटारांसकट. बाईंनी मला बघितलं, हसल्या, बसायला सांगितलं. सगळ्यांना म्हणाल्या, "हे आमच्या कोयनेचे. बँकेत होते." खुर्ची भिंतीकडची दिली.

साडेचारला चहा करायला त्या आत गेल्या, मी मागोमाग. तीन महिने घोकलेली माफी मी एका दमात म्हणून टाकली. बाईंनी आलं किसता किसता ऐकून घेतलं. "राग नव्हता आला हो," त्या म्हणाल्या. "भीती वाटली. एवढी वर्षं मी लोकांना जी घालायची ना, तीच. घरी आले आणि वहिनींना म्हटलं, कामं राहू द्या, समोर बसा. त्यांच्याशी मी तोवर कधी धड बोललेच नव्हते. बसल्या. मग त्यांनी बाकीच्यांना आणलं." चहा गाळून झाल्यावर म्हणाल्या, "तुमचा कॅप्टन त्यांना दिला. कॅप्टन साथ सोडून गेला, असं गोष्टीत सांगायला मला जड गेलं."

मी कप घेऊन बाहेर आलो. खेळ पुन्हा सुरू झाला. धुक्यात म्हातारी सरदारीण मागं राहिली होती आणि वरून ते उतरत होतं. बाकी सगळे घोडागाडीत बसून निघायच्या बेतात. वहिनींनी पदर खोचला, फासे हातात घोळवले आणि म्हणाल्या, "कॅप्टन खाली उतरतो. तो तिला तशी सोडणार नाही." फासे चांगले पडले. मोबाईलमधून बाळूनं शिट्टी मारली, यंत्रमागावरच्या दोघींनी टाळ्या पिटल्या. मी कधीच खाली उतरलो नसतो. मी खेळायचो तेव्हा बाईच मला हळूच सुचवायच्या.

वहिनींचं लक्ष माझ्याकडं गेलं. चांगल्या स्वभावाच्या बाई. कोपऱ्यात एकटा बसलेला पाहुणा त्यांना बघवेना. "तुम्हाला येतो का हो हा खेळ?" त्यांनी विचारलं. "सरकवू का खुर्ची इकडं?"

ट्रेसरबाई नकाशावर वाकलेल्या होत्या. त्यांची पेन्सिल थांबली, पण त्यांनी वर बघितलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "मी नुसता बघायला आलोय."