चिंचोक्याच्या खळीची घोंगडी

सिताबाई,

आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी होईन. मी तुझ्यावर जळत होते. मी मुरुमच्या महालिंगप्पा व्यापाऱ्यांची लेक नीलम्मा, सोलापूरला कॉलेजात जाऊन इंटर पास होऊन आलेली. आणि तू धनगरवस्तीवरची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, अंगठा उठवणारी, लुगड्याला कायम मेंढरांचा वास. तुझ्यावर जळायचं मला काही कारणच नव्हतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

महायुद्ध संपलं ते साल. कापड मिळेना म्हणून लोक घोंगडीवर आले होते. सोलापूरचे सिद्रामप्पा आमच्या अप्पांचे जुने गिऱ्हाईक. त्यांनी दोनशे घोंगड्या मागितल्या. थंडी पडायच्या आत हव्यात, आणि खराब माल निघाला तर पुढचा व्यवहार बंद. अप्पांनी मला समोर बसवलं.

"नीला, हा माल नीट गेला तर वखार तुझ्या हातात. न्हाय तर आळंदच्या स्थळाला व्हय म्हणून कळवतो."

मला आळंदला जायचं नव्हतं. वखारीची किल्ली कमरेला लावून हिंडायचं होतं.

मी वही घेतली, रकाने आखले. विणकरांकडून येणाऱ्या प्रत्येक घोंगडीची लांबी, रुंदी, तागडीवर वजन. हलकी आली की परत. पहिल्या खेपेला तिसरा हिस्सा माल मी परत केला आणि त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. दुसऱ्या खेपेला सगळ्या घोंगड्या वजनात बसल्या. अशा ताठ की भिंतीला टेकवल्या तर उभ्या राहतील. मला वाटलं, जमलं.

त्याच दिवशी तू घरच्या दोन घोंगड्या घेऊन आलीस. माझ्या थप्पीवरून हात फिरवलास, एक कोपरा नाकाशी नेलास आणि हसलीस.

"हसायला काय झालं?"

"काय न्हाय आक्का. ही बिराप्पाच्या मागावरची ना?"

"वजनात बसलीय. वहीत लिहिलंय."

"वहीत असंल की. ओढ्यात घालू का?"

अप्पा म्हणाले, घाल. तू ती ओढ्यात पायांनी तुडवलीस, पिळलीस, दगडावर पसरलीस. भोवतीचं पाणी पांढरट, चिकट झालं. दुपारी ती वाळल्यावर तू उन्हापुढं धरलीस, तर पलीकडची बाभळ आरपार दिसली. तागडीवर अर्ध्या शेराची तूट.

"आक्का, तुमी चिंचोकं जोखलं."

सूत मागावर तुटू नये म्हणून चिंचोके शिजवून त्यांची खळ उभ्या सुताला लावतात, एवढं मलाही ठाऊक होतं. पण मी वजन मागत होते, म्हणून विणकरांनी खळ दुप्पट केली होती आणि विणून झाल्यावर वरून आणखी एक हात दिला होता. मी जे मोजत होते तेवढंच त्यांनी मला भरून दिलं. बिराप्पाला दोष कसला देणार?

अप्पा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. माझ्या इंटरच्या निकालालाही त्यांच्या तोंडावर तसला आनंद दिसला नव्हता.

"मग आता दोनशेच्या दोनशे ओढ्यात बुडवायच्या का?" मी फणकारले.

"बुडवून काय हुतंय? वाईट झाली ती झाली. लोकर गेली, कातणारीचं कातणं गेलं, बिराप्पाचं चार दिस गेलं. मागावर चढायच्या आधी बघाया पायजे, आक्का."

आणि तू तेच केलंस. कातणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितलंस, सुताच्या गुंड्याला आपल्या लुगड्याची चिंधी बांधायची. सूत सैल निघालं की चिंधी बघायची आणि तिच्या दारात जायचं. ओरडायला नाही, शेजारी बसून कातायला. म्हाताऱ्या अयोध्याबाईचा हात थरथरायचा. दुसऱ्या कुणी तिचं काम काढून घेतलं असतं. तू तिचं सूत फक्त आडव्या धाग्याला लावलंस, तिथं ओढ कमी बसते. खळ एकाच मडक्यातून, एकाच मापानं, तुझ्या डोळ्यांदेखत. मी महिनाभर वही भरून जे केलं नव्हतं, ते तू चिंध्यांवर केलंस.

मी काय केलं ते सांगते. तुझ्या नजरेखालून गेलेल्या पाच घोंगड्या मी गुपचूप ओढ्यावर नेल्या. एक तरी उघडी पडावी म्हणून तुडवल्या, पिळल्या, टाचा सोलवटल्या. एकही पडली नाही. पाचवी वाळत घालत होते तेव्हा तू मागं उभी.

"सहावी बी घ्या की आक्का. पाय भिजलेच हाईत."

तू थट्टा केलीस. मला मात्र तुला ढकलून द्यावंसं वाटलं होतं.

माल वेळेवर गेला, निजामाच्या नाक्यावर करोडगिरीची जकात भरून सोलापुरात पोचला. वखारीची किल्ली मला मिळाली. देताना अप्पा म्हणाले, "पण सिताबाईनं बघितल्याबिगर माल गाडीत चढवायचा न्हाय." किल्ली हातात घेतली आणि तिची चवच गेली.

आठवड्यानं सिद्रामप्पांची चिठ्ठी आली. अप्पा तापानं पडलेले, म्हणून मीच वाचून दाखवली. 'माल ज्या बाईंनी पाहिला त्यांना दोन महिने इकडं पाठवावं.' एवढं वाचलं आणि मनातल्या मनात मी ट्रंक भरायला घेतली. पुढची ओळ होती: 'गाडीवानानं सांगितलेली चिंधी बांधायची रीत त्यांनी आमच्या विणकरांना शिकवावी. घरधन्याची, मेंढरांचीही सोय करू.'

"आत्ता वस्तीवर जा," अप्पा म्हणाले. "तिला सांग, काय म्हणते ते इचारून ये. उद्याच्या गाडीनं उत्तर धाडायचंय."

मी वहाणा घातल्या. वेशीपर्यंत गेलेही. तिथं उभी राहून विचार केला: तू गेलीस तर माझी वखार महिन्याभरात उघडी पडणार. हे खरं होतं. पण तेवढंच असतं तर मी आले असते. तुझ्या तोंडावरचा आनंद मला बघायचा नव्हता.

घरी येऊन अप्पांना म्हणाले, "नको म्हणाली."

पुढची दोन वर्षं तू दर बाजारी वखारीत येत राहिलीस, गुंडे चाचपत राहिलीस, आणि मी तुला चहा देत राहिले. मग रझाकारांच्या धामधुमीत तुमची वस्ती उठली, मेंढरं कुठं गेली कुणी सांगेना. वेशीपासून तुझं पाल अर्ध्या कोसावर होतं. त्या दोन वर्षांत कोणत्याही दिवशी येऊन सांगता आलं असतं. मी आले नाही.