एका बाकावर दोघं

नवरा निवृत्त झाला की बायकोला डोळ्यांत तेल घालून राहावं लागतं, असं माझं मत आहे. आमच्या यांनी शनिवारी नखं कापायला घेतली तेव्हाच मी ओळखलं, कुठेतरी पाणी मुरतंय. शनिवारी नखं कापायची नाहीत, हा सासूबाईंचा नियम आमच्या घरात आजवर कुणी मोडला नव्हता.

"अहो, आज शनिवार," मी म्हटलं.

"उद्या बाहेर जायचंय ना. ठाण्याला, वागळे इस्टेटला. कंपनीतले जुने लोक भेटतात."

रविवारी? इस्त्रीचा शर्ट घालून? आणि जुन्या मित्रांना काय यांची नखं बघायची होती? मी दोन प्रश्न जास्त विचारले तर हे चष्मा शोधायला लागले. चष्मा डोळ्यांवरच होता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

मग जेवणाच्या टेबलावर बोटं वाजायला लागली. डाव्या हाताचा एक ठोका, मग थोडं थांबणं, पुन्हा एक ठोका. उजवा हात नेहमीसारखा मांडीवर, रुमालाखाली.

त्या हाताचं सांगायला हवं. कारखान्यात प्रेस मशीनखाली यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हापासून तो हात खिशात नाहीतर रुमालाखाली. जेवण डाव्या हातानं, चमच्यानं. तीर्थप्रसाद उजव्या हातावर घ्यावा लागतो, म्हणून देवळात जाणंच सोडलं. शेजारी सत्यनारायण असला तरी हे दारातूनच सांगायचे, "माझं तूच घे." तो हात मलासुद्धा कधी नीट बघू दिला नाही.

अशात शेजारीण म्हणाली, "वहिनी, भाऊंना ठाण्यात माजिवड्याला बघितलं. कोणीतरी बाई होत्या सोबत. मस्त हसत होते."

माझं जेवणावरचं लक्ष उडालं. रागापेक्षा भीतीच जास्त वाटली. मुलगी बंगळूरला, डोंबिवलीच्या या घरात आम्ही दोघंच. हा माणूस दुसरीकडे रमला तर मी भांडायचं कुणाशी?

पुढच्या रविवारी हे निघाले आणि मागोमाग मी. माजिवड्याला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर मी यांच्यामागून चढले. दार अर्धवट उघडं होतं. आत पियानो, पियानोसमोर एकच बाक आणि बाकावर खांद्याला खांदा लावून आमचे हे आणि माझ्याच वयाची एक बाई.

"काय चाललंय इथे?" मी विचारलं. हे ताडकन उभे राहिले आणि उजवा हात खिशात गेला.

शिकवणारी मुलगी कोपऱ्यातून पुढे आली. "काकू, या ना! वॉल्ट्झ बसवतोय आम्ही, तीन ठोक्यांचे नाचाचे तुकडे. एका जर्मन संगीतकाराचे आहेत, जुने, अगदी छोटे छोटे. एका पियानोवर दोघांनी वाजवायचे. या ताई वरची चाल वाजवतात, काका खालचा ठेका धरतात."

दोघांनी, एकाच बाकावर बसून? मला त्या संगीतकाराचाच संशय आला. एवढा लांबलचक पियानो, दुसरं बाक ठेवायला काय झालं होतं?

"ऐका तर एकदा," ती मुलगी म्हणाली.

हे पुन्हा बसले. डाव्या हातानं एक जड सूर, मग उजव्या हातानं दोन हलके. म्हणजे टेबलावर मी ऐकत होते ते अर्धंच होतं. चाल गोड असावी, माझं लक्षच नव्हतं. मी यांचा उजवा हात बघत होते. उघडा, दिव्याखाली, त्या बाईच्या हाताला जवळजवळ लागून. उरलेली तीन बोटं बिनचूक पडत होती आणि ती बाई त्या बोटांकडे ढुंकूनही बघत नव्हती. प्रेमप्रकरण असतं तर मी दोघांना सरळ केलं असतं. हे मात्र फार लागलं.

घरी आल्यावर चप्पल काढता काढता मी विचारलं, "तिच्या शेजारी चालतो हा हात. माझ्यापासून का लपवलात?"

"अगं, तू बघितलास की तुझे डोळे भरतात," हे म्हणाले. "मग मलाच तुझी समजूत काढावी लागते. तिथे शिकवणाऱ्या मॅडमनी एवढंच बघितलं की खालच्या ठेक्याला तीन बोटं पुरतात."

भांडण तिथेच संपलं. आमच्या घरात असं फारसं घडत नाही.

पुढच्या आठवड्यात शेजारणीकडून सत्यनारायणाचा शिरा आला. हे टेबलाशी ठेका धरून बसले होते, आता दोन्ही हातांनी. मी वाटी घेऊन समोर उभी राहिले. बोटं थांबली. जरा वेळानं यांनी उजवा हात पुढे केला.

मी त्यावर शिरा ठेवला आणि झटकन खिडकीकडे तोंड फिरवलं.

"तूप कमी घालते ही बाई," मी म्हटलं. "मला संशय होताच."